पाठ टेकली तरी झोप नाही, रात्रीच्या साध्या सवयी सांगा

चौथी_सीट
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय आणि तोही रात्री पाऊण वाजता, यावरूनच काय ते समजून घ्या. वय ४३, डोंबिवली पूर्वेला राहते, ऑफिस फोर्टला. सकाळी ४:५० ला उठावंच लागतं, दोन डबे, पाणी भरणं आणि मग सव्वासहाच्या आसपासची लोकल. रात्री साडेदहाला मी गादीवर असते. म्हणजे असतेच फक्त. साडेबारा एक वाजेपर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर. आमचे हे पाठ टेकली की दोन मिनिटात घोरायला लागतात आणि मी पंख्याकडे बघत हिशोब करत बसते की आत्ता लागली तर साडेचार तास मिळतील, आत्ता लागली तर चार, आत्ता लागली तर पावणेचार...

करून झालेले उपाय: हळदीचं दूध (झोप नाहीच, वर दोनदा बाथरूमला उठावं लागलं), मोबाईलवर पावसाचा आवाज (मध्येच कुठल्यातरी कर्जाची जाहिरात लागते आणि दचकून उठते), एसी २४ वर, एसी २६ वर, डोक्याला तेल. डॉक्टरांकडेही जाऊन आले, थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन सगळं ठीक. गोळी लिहून देऊ का म्हणाले तर मीच नको म्हटलं. माझ्या आईने ११ वर्षं झोपेची गोळी घेतली आणि शेवटी शेवटी गोळी घेऊनही जागीच असायची, ते डोळ्यासमोर आहे.

गंमत म्हणजे संध्याकाळी लोकलमध्ये सीट मिळाली की मस्त डोळा लागतो, तिथे टिकल्या क्लिपा विकणाऱ्या कानाशी ओरडत असतात तरी. आणि घरी एवढी शांतता, गादी पण दोन वर्षांपूर्वी चांगली महागातली घेतलीय, तिच्यावर मात्र टक्क जागी.

तर झोपायच्या आधीच्या साध्या, घरात करता येतील अशा सवयी सांगा. "टेन्शन घेऊ नका" हे सोडून. ते सासूबाई रोज सांगतात.

खमंग_काकडी
ताई, दुधात जायफळ. हळद नाही, जायफळ. आणि बाजारची पूड नाही, सहाणेवर थेंबभर दूध घेऊन जायफळाचे चार पाच वेढे उगाळायचे, ते बोटाने निपटून अर्धा कप कोमट दुधात. अर्धाच कप, म्हणजे बाथरूमच्या फेऱ्या होणार नाहीत. सणाला श्रीखंड पुरी खाऊन दुपारी सगळं घर आडवं होतं ते काय नुसत्या पुऱ्यांनी होतं का :)

दुसरं म्हणजे काशाची वाटी. आमच्याकडे आजीची आहे, बुडाला गोल. तळव्याला थोडं तूप लावायचं आणि वाटीने टाचेपासून बोटांपर्यंत घासत राहायचं, एकेका पायाला दहा मिनिटं. थोड्या वेळाने वाटीचा तळ काळा पडतो आणि तळवे करडे होतात, ती अंगातली उष्णता निघाली समजायचं. मग पाय पुसून टाका नाहीतर पांढऱ्या चादरीचं वाटोळं होतं, अनुभवाचे बोल. हसण्यावारी नेऊ नका, आयुर्वेदात आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितलेत, म्हणजे झोप जेवणाच्या पंगतीला बसवलीय. चरकसंहितेत तर झोप न येणाऱ्यांना म्हशीचं दूध सांगितलंय.

उलटा_बाण
म्हशीच्या दुधाला हरकत नाही पण काळा रंग म्हणजे उष्णता हे कृपया थांबवा आता. कासं म्हणजे तांबं आणि कथील. घाम, तूप आणि घासणं एकत्र आलं की धातूच रंग सोडतो. मे महिन्यात घासा नाहीतर डिसेंबरात, तळवे काळेच होणार.

पण गंमत अशी की उपाय चुकीचा नाहीये, कारण चुकीचं आहे. झोप लागायची असेल तर शरीराचं आतलं तापमान थोडं खाली यावं लागतं आणि शरीर ती उष्णता बाहेर टाकतं मुख्यतः हातापायातून. तळवे चोळले, गरम झाले, तिथल्या रक्तवाहिन्या फुलल्या की आतली उष्णता बाहेर जायला वाट मिळते. थोडक्यात आजी बरोबर, वाटी निर्दोष, फक्त रंगाचा अर्थ भलता. याच कारणाने रात्री कोमट गरम पाण्याने अंघोळ पण चालते. टेक्सासच्या लोकांनी २०१९ मध्ये बरेच जुने अभ्यास एकत्र करून बघितले होते, साधारण ४० ते ४३ अंशाचं पाणी आणि झोपायच्या तास दोन तास आधी अंघोळ, तर सरासरी १० मिनिटं लवकर झोप लागली. अगदी झोपायच्या तोंडावर करू नका, शरीर परत थंड व्हायला वेळ लागतो. नुसते पाय गरम पाण्याच्या बादलीत ठेवून बसलात तरी पायातल्या रक्तवाहिन्या फुलायचं काम होतं, डोंबिवलीत पाणी किती वेळ असतं ते तुम्ही बघा.

जायफळाचं: वेढे ठीक आहेत. पण कोणीतरी हे वाचून चमचाभर पूड दुधात ढवळेल म्हणून सांगतो, जास्त जायफळ पोटात गेलं तर छाती धडधडते, उलट्या होतात, भास होतात. मसाल्याचा पदार्थ मसाल्याइतकाच.

आणि हो, घरी विचारलं की काशाच्या वाटीने खरंच झोप लागते का, तर उत्तर मिळालं की चोळणारा तू असशील तर नक्की लागेल.

खमंग_काकडी
म्हणजे फिरून फिरून तेच सांगितलंत ना जे मी सांगितलं? चालू द्या.

तिसरी_पाळी
मी चाकणला एका कारखान्यात आहे, पहिली दुसरी तिसरी पाळी दर आठवड्याला फिरते, त्यामुळे झोपेच्या बाबतीत मी भिकेला लागलेला माणूस आहे, माझा सल्ला त्या हिशोबाने घ्या. माझा एकच मुद्दा, उजेड. सकाळी सातला तिसरी पाळी सुटते तेव्हा मी काळा गॉगल लावून बसमध्ये बसतो, पोरं हसतात, हसू दे. कारण डोळ्यावर सकाळचं ऊन पडलं की शरीराला वाटतं उजाडलं आणि मग घरी जाऊन कितीही दमलेला असलो तरी झोपेचं खोबरं. खोलीच्या काचेला मी आतून काळा कागद चिकटवलाय, एसीचा हिरवा आकडा, वायफायच्या डबीचा निळा दिवा, सगळ्यावर इलेक्ट्रिकची काळी चिकटपट्टी.

तुमचं उलटं आहे, तुम्हाला रात्री काळोख पाहिजे. संध्याकाळी सात आठनंतर घरातल्या पांढऱ्या ट्यूबलाईट बंद करा आणि पिवळा मंद बल्ब लावा. आमच्या घरी साडेनऊनंतर स्वयंपाकघराची ट्यूब बंद असते, पाणी प्यायला जायचं तर देवघरातल्या छोट्या बल्बचा उजेड पुरतो. मोबाईल तर विचारूच नका. मोबाईलचा चार्जर मी ओट्याजवळच्या प्लगला कायमचा लावलाय, मोबाईल तिथेच झोपतो मिक्सरच्या शेजारी. अलार्मला घड्याळ आणलंय ठणठण वाजणारं, अडीचशे रुपयाचं. पहिले चार दिवस हात उशीखाली चाचपत होता, बिडी सोडलेल्या माणसासारखा.

पायरी_हापूस
चौथी सीट ताई, सल्ला द्यायच्या आधी चार प्रश्न. १) चहा किती आणि शेवटचा कधी? २) रविवारी किती वाजता उठता? ३) लोकलमध्ये डोळा लागतो म्हणालात तो किती वेळ? ४) साडेदहाला झोप येते म्हणून आडव्या होता की साडेदहा वाजले म्हणून?

चौथी_सीट
बापरे डॉक्टरांनी पण एवढं विचारलं नव्हतं. चहा सकाळी दोन, ऑफिसला साडेचारचा आणि घरी आल्या आल्या पावणेआठला एक, तो माझा स्वतःचा, तो सोडायला सांगू नका. रविवारी साडेनऊपर्यंत झोपते, आठवड्याचं भरून काढायचं असतं. लोकलमध्ये म्हणाल तर सीएसएमटीला फास्ट पकडते, सुरुवातीचं स्टेशन म्हणून बसायला मिळतं, भायखळा सोडलं की डोळा लागतो ते दिव्याच्या आसपास जाग येते. पाऊण तास तरी असेल. चौथ्या प्रश्नाचं उत्तर, साडेदहा वाजले म्हणून. झोप यायची वाट बघत बसले तर सकाळी उठणार कधी?

पायरी_हापूस
सापडलं. तुमची झोप हरवलेली नाहीये, ती तुम्ही संध्याकाळी सात वाजता लोकलमध्ये खर्च करून येताय.

दिवसभर आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, जितका वेळ जागे तितकं जास्त, आणि ते साठलं की डोळे मिटायला लागतात. झोपलं की ते उतरतं. भुकेसारखं आहे सगळं. तुम्ही ४:५० पासून उपाशी, सात वाजता पाऊण तास पोटभर वडापाव खाल्लात आणि साडेदहाला पानावर बसून म्हणताय भूक का नाही. त्यात पावणेआठचा चहा. चहातलं कॅफिन हे अ‍ॅडेनोसिन जिथे जाऊन बसतं त्याच जागा अडवून बसतं (चौथ्या सीटवर बसणाऱ्याला हे समजावून सांगायला नको) आणि शरीरातून अर्धं कॅफिन जायला साधारण पाच सहा तास लागतात. पावणेआठमध्ये पाच मिळवा. पाऊण वाजला. तुम्ही धागा कधी काढलात?

हे मी शहाणपणा म्हणून नाही सांगत, मी स्वतः दीड वर्षं यातून गेलोय. पुण्यात एका मानसोपचारतज्ज्ञांकडे सहा आठवडे जात होतो, सीबीटी-आय म्हणतात त्या पद्धतीला, झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायची, निद्रानाशासाठीची खास. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्येच सांगून ठेवलंय की जुन्या निद्रानाशाला आधी हे करा, गोळी नंतर. त्यातला सगळ्यात विचित्र आणि सगळ्यात उपयोगी पडलेला भाग सांगतो. झोप येत नसेल तर गादीवर पडून राहायचं नाही. उठायचं. रिचर्ड बूट्झिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडलेली गोष्ट आहे, की रोज दोन दोन तास गादीवर जागं राहून आपण मेंदूला शिकवतो की गादी ही जागं राहायची जागा आहे. म्हणूनच सोफ्यावर टीव्हीसमोर पेंगणारा माणूस बेडरूममध्ये गेला की टक्क जागा होतो. तुमची महागातली गादी बिचारी बदनाम झालीय.

मी काय करायचो तर साधारण वीस मिनिटं झाली असं वाटलं (वाटलं, घड्याळात बघायचं नाही, घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं) की उठून हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचो, बारीक दिवा लावून. आणि वाचायचो सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त. खोटं वाटेल पण "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले" या ओळीच्या पुढे मी फार वेळा गेलो नाही, पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा ठराव आला की मान पडायची. मग परत गादीवर. परत जाग, परत खुर्ची. पहिल्या आठवड्यात एका रात्री पाच वेळा उठलो, बायको म्हणाली चौकीदार ठेवलाय असं वाटतंय. दुसऱ्या दिवशी मरणाची झोप येते तरी दुपारी झोपायचं नाही आणि उठायची वेळ बदलायची नाही, रविवारी सुद्धा. साडेनऊला उठलात तर रविवारी रात्री झोप कुठून येणार, उठून तेरा तासच झालेले असतात, आणि सोमवार तिथूनच बिघडतो.

चौथी_सीट
रविवारची रात्र सगळ्यात वाईट असते हे तुम्हाला कसं कळलं?? मी समजत होते सोमवारच्या धास्तीने होतं.

पण लोकलमधली झोप कशी सोडू, तीच तर एक हक्काची आहे.

मुंब्र्याचा_डोंगर
हक्काची?? अहो ताई कल्याणच्या पुढचे आम्ही विचारतो तुम्हाला :) बदलापूरपर्यंत उभं राहून झोपणारी जमात आहे आमची.

एक साधी गोष्ट जी मला उपयोगी पडते. तुमच्यासारखं माझं पण डोकं रात्री चालू होतं, उद्या काय काय करायचंय ते. तर जेवण झालं की ओटा पुसून झाल्यावर मी एका जुन्या वहीत उद्याचं सगळं लिहून टाकते. सगळं म्हणजे सगळं. भाजी कुठली, कणीक आत्ता मळून फ्रीजमध्ये ठेवायची की सकाळी, लाईट बिल, मुलीच्या शाळेत तक्ता द्यायचाय, इस्त्रीवाल्याकडे निळा ड्रेस राहिलाय. अमेरिकेत बेलर विद्यापीठात यावर प्रयोग पण झालाय, २०१८ चा, ५७ तरुण मुलामुलींना झोपायच्या आधी पाच मिनिटं लिहायला लावलं, निम्म्यांना उद्याची कामं आणि निम्म्यांना झालेली कामं. उद्याची कामं लिहिणारे नऊएक मिनिटं लवकर झोपले. जितकं बारीकसारीक लिहिलं तितकी लवकर झोप. त्यात ५७ च जण होते आणि त्यांना डबे करायचे नव्हते हे खरं, पण मला पटलं. वहीत उतरलं की डोक्याला धरून ठेवावं लागत नाही. हे मोबाईलवर लिहू नका मात्र, तिकडे गेलात की व्हॉट्सअ‍ॅप आहेच.

निवृत्त_मास्तर
माझे वय ७१. मी रामरक्षा म्हणतो. दिवा मालवला की सुरू करतो. गेल्या कित्येक वर्षांत शेवटपर्यंत पोचल्याचे मला आठवत नाही. श्रद्धा असो नसो, पाठ असलेले काहीही मनात म्हणावे, परवचा म्हणा, पावकी निमकी म्हणा. दुपारी जेवणानंतर वामकुक्षी वीस मिनिटे, डाव्या कुशीवर, गजर लावून. तास झाला तर रात्र गेली. इति.

पायरी_हापूस
मास्तर +१. मन अगदी मोकळं सोडलं तर ते हिशोब करत बसतं, फार कामाला लावलं तर जागं राहतं. पाठांतर बरोबर मधलं आहे. असंच एक लूक बोदुआं नावाच्या कॅनडातल्या संशोधकाने काढलंय, डोक्यात पत्ते पिसल्यासारखं करायचं. आपल्या पद्धतीने करायचं तर एक अक्षर घ्या, समजा क. कढई. डोळ्यासमोर कढई आणा, तिचे कान, बुडाची काजळी. मग कंदील. मग करवंद, कासव, किल्ली, कोयता. एकाचा दुसऱ्याशी संबंध लावायचा नाही, गोष्ट बनवायची नाही. संबंध लागला की विचार सुरू होतो. झोपेच्या दारात डोकं असंच तुटक तुटक चित्रं दाखवतं, आपण नुसती सुरुवात करून द्यायची. मी आजपर्यंत "कोयता"च्या पुढे गेलो नाही, आता "म" सुरू केलाय.

उलटा_बाण
म ला मच्छर येईल, सांभाळा.

ढगाळ_स्टॉकहोम
इकडे जूनमध्ये सूर्य रात्री दहाला मावळतो आणि साडेतीनला परत हजर, मधला वेळ पण धड काळोख नसतो. पहिल्या उन्हाळ्यात मी जवळजवळ वेडी झाले होते. तिसऱ्या पाळीवाल्या दादांना अनुमोदन, उजेड हाच खरा. काळे जाड पडदे लावले आणि आईने जुन्या नऊवारींची शिवलेली गोधडी अंगावर घेते. गोधडीचं वजन अंगावर पडलं की बरं वाटतं हा माझा अनुभव, शास्त्र बिस्त्र माहीत नाही. डोंबिवलीच्या उकाड्यात गोधडी सुचवत नाहीये, काळजी नसावी.

ड्यूटी_चार्ट
मी नर्स आहे, नाव गाव नको. चौथी सीट, तुमचं होईल बरं, वर चांगलंच सांगितलंय सगळ्यांनी. मला काळजी तुमच्या मिस्टरांची वाटतेय. दोन मिनिटात झोप लागणं ही नेहमी कौतुकाची गोष्ट नसते. ते घोरताना मध्येच आवाज बंद होतो का, श्वास थांबल्यासारखा आणि मग गचका देऊन परत सुरू? दिवसा पेंगतात का, सकाळी डोकं दुखतं का, बीपी आहे का? असं असेल तर स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो, छातीच्या किंवा कान नाक घसा डॉक्टरांकडे दाखवा, रात्रभराची तपासणी असते, काही ठिकाणी यंत्र घरी देतात. आमच्याकडे बायका पाच पाच वर्षं "हे घोरतात" म्हणून विनोद सांगतात आणि मग एक दिवस बीपी वाढलंय म्हणून येतात.

आणि तुम्हालाही एक विचारते, रात्री पडल्यावर पायात वळवळतंय, पाय हलवल्याशिवाय चैन नाही असं होतं का? होत असेल तर फेरिटिन तपासा. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी लोहाचा साठा कमी असू शकतो. तसं काही नसेल तर प्रश्नच नाही.

अजून एक, कोणीतरी पुढे येऊन थोडी घेतली की मस्त झोप लागते म्हणेलच, तर लागते लवकर, पण उतरली की पहाटे तीनला डोळे सताड उघडतात.

चौथी_सीट
पायांचं नाही काही. पण ह्यांचा आवाज बंद होतो मध्येच. मी तर तेवढ्या वेळात झोपायचा प्रयत्न करायचे. आता घाबरवलंत. दाखवते.

बाकी सगळ्यांचे आभार, उद्यापासून एकेक करून बघते. चहाचं मात्र बघू.

चौथी_सीट
धागा वर काढतेय, तीन आठवडे झाले म्हणून.

पहिला आठवडा भयंकर गेला. लोकलमध्ये जागी राहायचं ठरवलं आणि कुर्ल्याच्या आतच मान पडायची. मोबाईल बघून जागं राहता येत नाही, उलट जास्त पेंग येते. मग एक दिवस स्टेशनबाहेरून मेथीची जुडी घेतली आणि गाडीतच निवडायला बसले, आमच्या डब्यात निम्म्या बायका हेच करतात, मीच एवढी वर्षं झोपून घालवली. मांडीवर पिशवी पसरायची, एकेक पान खुडायचं, देठ दुसऱ्या पिशवीत. हात चालू असले की झोप येत नाही. ठाणं येईपर्यंत जुडी संपते आणि घरी गेल्यावरचा अर्धा तास वाचतो तो वेगळाच. आता सोमवारी मेथी, मंगळवारी गवार, बुधवारी मटार सोलायचे, शेजारच्या मावशी लसूण सोलून देतात बदल्यात.

पावणेआठचा चहा सुटला नाही असं लिहिणार होते पण सुटला. चार दिवस डोकं धरलं होतं. आता त्या वेळेला गवती चहा आलं घालून उकळते, चहा पावडर न घालता, दूध घालून घेतला तर कपाला तरी फसवता येतं. जिभेला फसवता येत नाही.

आता साडेदहाला गादीवर जातच नाही. अकराला जाते, त्याआधी वही, आणि पाय गरम पाण्यात (काशाची वाटी सासूबाईंच्या ट्रंकेत निघाली, त्यांनी स्वतःसाठी ठेवून घेतली). सव्वाअकरा साडेअकराला लागते बहुतेक दिवशी. तीन आठवड्यात चार रात्री परत साडेबारा वाजले, त्यातली एक सोसायटीत कोणाच्या तरी हळदीचा डीजे होता म्हणून, तो हिशोबात धरत नाही. खुर्चीचा प्रकार दोनदा केला, इतिवृत्त नव्हतं म्हणून विम्याची पॉलिसी वाचली, ती पण चालते. रविवारी साडेपाचला उठते, घरातले माझ्याकडे संशयाने बघतात, पण रविवारी रात्री झोप लागते हे खरं. झोप एकूण कमीच आहे हे मला माहितीय, ४:५० काही सुटत नाही, पण मुलाला म्हटलंय आता तुझा डबा रात्री तूच भरून ठेव, बघू.

ह्यांना दाखवलं. तपासणी पुढच्या शनिवारी आहे. ड्यूटी चार्ट ताई, निकाल आला की सांगते.

खमंग_काकडी
जायफळ??

चौथी_सीट
घेते गं, दोन वेढे. तुझ्यासाठी.

आणि मावशींना सांगून ठेवलंय की माझा डोळा मिटताना दिसला की कोपर मारा. आज कोथिंबीर होती, लवकर संपली. घाटकोपरला एक बसलं आणि फास्ट कोपर स्टेशनवरून न थांबता गेली तेव्हा दुसरं.